निळी फुलदाणी उलटी करताना

अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावात सिग्नलला गाडी थांबली होती, तेव्हा सुमनकाकूंचा फोन आला. "हे गेले गं. तू ये, पण हळू ड्राइव्ह कर." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला... मागचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं मला कळलं.

त्यांचे यजमान दिनूकाका म्हणजे निवृत्त इंजिनिअर आणि जुन्या काचेच्या फुलदाण्यांचं वेड लागलेला माणूस. आमचं रक्ताचं नातं नाही. शनिवारी इस्टेट सेलला, म्हणजे कुणाच्या घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, जायला त्यांना सोबत लागायची आणि मला नाही म्हणता यायचं नाही, तेवढ्यावरून जुळलेलं. ओळखीच्या घरांत त्यांचा धसकाच होता, कारण कुणाकडे जेवायला गेले तरी हे आधी फुलदाणी उलटी करणार. एकदा सत्यनारायणाला आतलं पाणी थेट प्रसादाच्या शिऱ्यात सांडलं आणि हा गृहस्थ तळ न्याहाळत म्हणतो, "साच्यातली आहे." त्या घरचं आमंत्रण पुन्हा कधी आलं नाही. मला त्यांनी चिकाटीने शिकवलं. फुंकून घडवलेल्या फुलदाणीच्या तळाशी लोखंडी दांडा तोडल्याचा व्रण असतो. तळावर कारागिराची सही दिसली म्हणून हुरळून जायचं नाही, आधी ओरखडे बघायचे. वर्षानुवर्षं उचलून ठेवल्याने पडतात ते वेडेवाकडे. नवी वस्तू जुनी भासवायला सँडपेपरने पाडलेले सगळे एका दिशेने जातात. आणि पाणी? पाण्याचं नाव काढायचं नाही. काचेवर क्षाराची रेघ बसली की ती जन्मात निघत नाही. काकूंनी एकदा एकीत गुलाब ठेवला, तर घरात बरेच दिवस अबोला होता.

त्यांच्या साठीला काकूंनी स्वतःच्या कमाईतून एक निळी फुलदाणी आणली. जुनी आहे, सहीची आहे, असं दुकानदाराने सांगितलेलं. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि काकांनी सवयीने ती उलटी केली. मीही वाकून पाहिलं. तळावर सगळ्या रेघा सरळ, एका दिशेच्या, आणि वर ऐटबाज सही. काकांनी फुलदाणी अलगद खाली ठेवली, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. काकू बाहेर आल्यावर म्हणाले, "फार सुंदर आहे." पुढे मी जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा अंगणातल्या अनंताचं ताजं फूल तिच्यात असायचं.

काका गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीने, मीनलने, घर विकायला काढलं. काकू तिच्याकडे राहायला जाणार होत्या. संग्रह बघायला दुपारी एक डीलर येणार होता आणि त्याआधी मी सगळ्या फुलदाण्या लावून ठेवाव्यात असं ठरलं. तो माणूस निळी उचलणार, तळ बघणार आणि काकूंसमोर फाडकन बोलून मोकळा होणार. तिला आधीच पँट्रीत लपवायचं मी ठरवलं होतं. पण जाऊन बघते तर काकू तिला मांडीवर घेऊन बसलेल्या.

"मम्मी, ही पण डीलरला दाखवू या ना," मीनल म्हणाली. "व्हॅल्युएबल असेल तर चांगलंच आहे."

काकूंनी फुलदाणी माझ्यापुढे धरली. "त्याच्याआधी तू सांग. खरी आहे का?"

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. खोटं बोलायची तयारी करून आले होते, पण त्यांच्या नजरेसमोर ते जमेना. "नाही, काकू," मी म्हणाले. मीनलने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, उठून निघून जावं.

काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "ठाऊक आहे मला. ह्यांनी तिच्यात पाणी घातलं ना, तेव्हाच कळलं."

"मग काकांना बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर रोज फूल ठेवलं असतं का त्यांनी?" दारावरची बेल वाजली. मीनल उठली, तशी काकूंनी हाताने तिला थांबवलं. "पण मला विचारायचंय ते वेगळंच. नीट तळ बघून सांग. आता तरी जुनी झाली का गं ती?"

मी फुलदाणी खिडकीपाशी नेऊन उलटी केली. आतल्या बाजूला क्षाराची पांढरी रेघ पक्की बसली होती. तळावर त्या सरळ रेघा अजून होत्याच, पण त्यांच्यावरून, सहीवरूनसुद्धा, बारीक वेडेवाकडे ओरखडे गेले होते. रोज सकाळी उचलून, पाणी बदलून, परत ठेवल्याचे. मला रडू आवरेना.

"झाली, काकू," मी म्हणाले.

त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि नळाखाली धरून पाण्याने भरली. "आता दार उघड," त्या मीनलला म्हणाल्या.