नकाशाची काठी

नीला सपकाळच्या अंगात ताकद होती आणि ती लपवणं तिला कधी जमलं नाही. साताऱ्याला कॉलेजात असताना ती कबड्डी खेळायची. पकडीत सापडलेली पोरगी मधल्या रेषेपर्यंत पोचली, असं क्वचितच व्हायचं. लग्न होऊन दिल्लीत आली, त्या वर्षी भर गर्दीच्या बसमध्ये एकानं तिच्या कमरेला हात लावला, तर तिनं त्याचं बोट मागे वळवलं आणि कंडक्टरनं बस थांबवेपर्यंत सोडलं नाही. बोट मोडलं होतं. नवरा, बाळ सपकाळ, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. स्वभावानं मऊ माणूस. तो त्या रात्री एवढंच म्हणाला, "इथं आपलं कुणी नाही गं नीला, जरा सांभाळून."

सांभाळून म्हणजे काय, ते तिनं शिकून घेतलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला, मुलगी रुचिता वाढवली, आणि जवळच्याच एका खाजगी शाळेत इतिहास शिकवता शिकवता पन्नाशी ओलांडली. मुलं तिच्या आवाजाला घाबरत आणि तरीही तिच्याच तासाला जास्तीत जास्त बोलत.

सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक परिच्छेद होता. दुष्काळाच्या वर्षी एका राजाच्या फौजेनं स्वतःच्याच मुलखातली धान्याची कोठारं फोडली, असं त्यात लिहिलं होतं. नीलाला ते पुस्तक फारसं आवडत नव्हतं. भाषा कोरडी, चित्रं फिकट. पण त्या परिच्छेदापाशी वर्ग जागा व्हायचा. भूमिका नावाची एक बारीकशी, चष्मेवाली मुलगी उठून म्हणाली होती, "मॅम, राजा अपने ही लोगों को क्यों लूटेगा?"

"घर जाके सबसे पूछो," नीला म्हणाली होती. "कल बताना."

भूमिकानं घरी विचारलं. तिचे वडील राघव करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवत. त्या राजाचा फोटो दुकानात गल्ल्याच्या वर लावलेला. त्यांनी पुस्तक मागितलं, पानाचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, ते राघवलाही सांगता आलं नसतं. निवडणूक तोंडावर आली होती. एका पुढाऱ्यानं भर सभेत ते पान टराटरा फाडून दाखवलं, दुसऱ्या पक्षानं त्याच पानाची झेरॉक्स वाटली, टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा सुरू झाला. पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या तोंडाला त्याच्याच कॉलेजच्या फाटकात काळं फासलं. मग सरकारनं पुस्तक मागे घेतलं आणि शाळांना कळवलं, की सगळ्या प्रती गोळा करून ठेवा.

प्रिन्सिपल चंद्रप्रभा माथुर घाबरट नव्हत्या, पण दमल्या होत्या. "नीला, चुपचाप ले लो सबसे. स्टोअर में ताला लगा देंगे. बात खतम."

नीलानं प्रती गोळा केल्या. भूमिकानं आपली दिली नाही. "खो गयी मॅम," ती म्हणाली. तिच्या दप्तराचा फुगवटा नीलाला दिसत होता. तिनं पुढे विचारलं नाही.

बात खतम झाली नाही. दोन-चार दिवसांतच, प्रार्थना होऊन वर्ग सुरू झाले तेवढ्यात फाटकाशी गलका ऐकू आला. नीला खिडकीपाशी गेली. बाहेर पन्नास-साठ माणसं असतील, हातात हॉकी स्टिक, लोखंडी सळया, बऱ्याच जणांची तोंडं गमछ्यानं बांधलेली. वॉचमन फौजेतून निवृत्त झालेला म्हातारा. तो फाटकाला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या गुडघ्यावर पहिली स्टिक बसली, तो वाकला, मग डोक्यावर दुसरी. नीलानं त्याला पडताना पाहिलं. पडल्यावरही ते मारतच होते.

"बेंचखाली," ती वर्गाकडे वळून म्हणाली. आवाज चढवला नाही. मुलं मुकाट बेंचखाली गेली. तिनं दाराची कडी घातली आणि टेबल ओढून दाराला लावलं.

खाली काचा फुटत होत्या. कॉम्प्युटरच्या खोलीतून वस्तू बाहेर फेकल्याचे आवाज येत होते. स्टोअरचं कुलूप तोडून त्यांनी पुस्तकं मैदानात ओतली आणि पेट्रोल टाकून पेटवली. जळक्या कागदाचा वास वर आला. चंद्रप्रभा मॅडम हात जोडून मध्ये उभ्या राहिल्या, तर एकानं त्यांना केसांना धरून बाजूला भिरकावलं. मग जिन्यावर पावलं वाजली.

"सातवीं की मॅडम कौन है? बाहर निकालो."

दार दोन लाथांत उघडलं. टेबल उलटलं. आत आलेले पाच-सहाजण बेंच उलटत, दप्तरं झाडत सुटले. एकानं पंख्याच्या रेग्युलेटरवर सळई मारली, ठिणग्या उडाल्या, मुलं किंचाळली. एका मुलाच्या कानशिलात चपराक बसली आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागलं. नीला त्याच्याकडे धावली, तेवढ्यात तिला मागच्या रांगेतून भूमिकाचा आवाज आला. "छोडो. छोडो मुझे."

गमछा बांधलेला एक आडवा माणूस तिला वेणीला धरून बेंचखालून ओढत होता. दुसऱ्या हातानं तिचं दप्तर हिसकत होता. भूमिकानं दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं. त्यानं तिचा हात पिरगळला. चष्मा खाली पडला आणि त्याच्याच बुटाखाली फुटला.

फळ्याशेजारी नकाशे टांगायची लांब काठी उभी असे, टोकाला लोखंडी आकडा. नीलानं ती उचलली आणि दोन्ही हातांनी फिरवली. पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. त्यानं पोरीला सोडलं नाही. दुसरा त्यानं वळून बघितलं तेव्हा बसला. आकडा गमछ्याच्या वर, डाव्या डोळ्यात गेला.

तो ओरडला ते माणसासारखं नव्हतं. गमछा सुटला. भूमिका जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली, "पापा."

पुढचं नीलाला तुकड्या तुकड्यांतच आठवतं. तिच्या हातातली काठी कुणीतरी हिसकावली. पाठीवर सळई बसली, मग बरगडीवर, मग मनगटावर. मनगट मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. खाली पडल्यावर तिनं एकाच्या पोटरीला दात लावले आणि तोंडात रक्त येईपर्यंत सोडलं नाही. ते रक्त त्याचं होतं की आपलं, हे तिला कळलं नाही. पोलिसांची शिटी वाजली तेव्हा ती माणसं पळाली. राघव तिथंच भिंतीला टेकून बसला होता, तळहातानं डोळा झाकून, आणि बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं.

वॉचमन दुसऱ्या दिवशी गेला. राघवचा डोळा वाचला नाही. नीला हाताला प्लास्टर आणि छातीला पट्टा बांधून घरी आली, तोवर तिच्यावर गुन्हा दाखल झाला होता: पालक आपल्या मुलीला घ्यायला आला असता शिक्षिकेनं त्याचा डोळा फोडला. टीव्हीवर तिचा जुना फोटो फिरत होता. फोनवर अनोळखी आवाज येत. तिचे डोळे काढू म्हणत, रुचिताचं नाव घेऊन घाणेरडं बोलत. एका दुपारी क्वार्टरच्या काचेतून वीट आत आली आणि बाळच्या डोक्याला चाटून गेली. तो रक्त पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "आता सांभाळून राहायचं म्हटलं, तरी कसं राहायचं?"

रुचिता गुरुग्रामहून गाडी घेऊन आली. "आई, चल माझ्याकडे. सोसायटीला गेट आहे, गार्ड आहे यार."

"शाळेलाही होता," नीला म्हणाली. पण गेली.

शाळेनं राजीनामा मागितला. चंद्रप्रभा मॅडमनी स्वतः फोन केला आणि बराच वेळ नुसत्या रडल्या. नीलानं राजीनामा दिला. तिच्या वकिलानं सांगितलं, की सगळं आता त्या मुलीवर आहे. वडील नुसते न्यायला आले होते असं तिनं सांगितलं, तर मॅडम अडकल्याच.

भूमिकानं न्यायाधीशांसमोर जे झालं ते सांगितलं. पापांनी केस ओढले. पापांना माझं पुस्तक आगीत टाकायचं होतं, त्यांनी ग्रुपवर तसं लिहिलं होतं. मॅमनी काठी मारली. पापांच्या डोळ्यातून रक्त आलं. तिनं कुणालाच वाचवलं नाही. घरी गेल्यावर काकानं तिला पट्ट्यानं मारलं. तेव्हा तिची आई तिला घेऊन मेरठला माहेरी निघून गेली.

हे नीलाच्या कानावर आलं, त्या आठवड्यात ती मेट्रोनं करोल बागेत गेली. कुणाला न सांगता. दुकान सापडायला वेळ लागला नाही. राघव गल्ल्यावर बसला होता, डाव्या डोळ्याच्या जागी काचेचा डोळा. तो तिच्याकडे आधी ओळख न पटल्यासारखा बघत राहिला. मग उठला.

"आँख लौटाने आयी हो?"

"नहीं," नीला म्हणाली. "यह कहने आयी हूँ कि आँख का मुझे दुख है. रोज होता है. मारने का नहीं है."

त्यानं हाताशी असलेला लोखंडी ब्रेक-ड्रम उचलून फेकला. तो तिच्या कानाजवळून जाऊन मागच्या फळीवर आदळला. फळी मोडली आणि डबे खाली कोसळले. शेजारचे दुकानदार धावत आले. नीला जागची हलली नाही. हलायचं सुचलंच नाही, असं तिनं नंतर बाळला सांगितलं. राघवला दुसरं काहीतरी उचलायचं होतं, पण हात वस्तूच्या बाजूला पडत होता. अंतराचा अंदाज येत नव्हता. शेवटी तो खाली बसला.

"मेरी बच्ची मुझसे बात नहीं करती," तो म्हणाला. "उसको मैंने नहीं मारना था. ग्रुप पे बोल दिया था, सबके सामने. फिर वो दे नहीं रही थी."

शेजाऱ्यांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, ढकलतच मेट्रोच्या जिन्यापर्यंत आणलं.

निवडणूक झाली, ज्याला जिंकायचं होतं तो जिंकला. पुस्तक नव्या वेष्टनात परत आलं. त्या परिच्छेदाच्या जागी आता एक वाक्य आहे, की त्या वर्षी पाऊस कमी पडला. वॉचमनच्या खुनाबद्दल तिघांवर खटला चालू आहे, त्यातले दोघं जामिनावर बाहेर हिंडतात. राघव आणि नीला यांच्या वकिलांनी मात्र समझोता करवला. दोन्हीकडून लिहून दिलं आणि उच्च न्यायालयात त्या दोघांचे एकमेकांवरचे गुन्हे रद्द झाले.

त्या दिवशी न्यायालयाच्या कॉरिडॉरमध्ये बाळ पाणी आणायला गेला होता. राघव एकटाच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.

"मॅडम, एक बात पूछूँ? मुँह बंधा था मेरा. आपने पहचाना नहीं था ना?"

वकिलानं हेच तिच्याकडून कितीदा वदवून घेतलं होतं. चेहरा झाकला होता, ओळखणं शक्य नव्हतं. ते खरंही होतं.

"नहीं पहचाना था," ती म्हणाली. "पहचान लेती, तो भी मारती."

राघवनं मान हलवली. तो रागावल्यासारखा वाटला नाही. उठला आणि डावा हात भिंतीला लावून जिना उतरू लागला.

बाळ पाण्याची बाटली घेऊन आला. "काय म्हणत होता?"

"भूमिका मेरठला नव्या शाळेत जाते की नाही, ते विचारायचं राहिलं," नीला म्हणाली, आणि राघवच्या मागून जिन्याकडे निघाली. मोडलेल्या मनगटानं कठड्याला नीट धरता येत नव्हतं, म्हणून तिलाही वेळ लागत होता.