उशिरा निघणारे इलेक्ट्रॉन

चार माणसं आणि एक हट्टी मशीन रोज एका खोलीत कोंडली, की डेटा जमो न जमो, किस्से जमतातच! उरणजवळच्या आमच्या लॅबमध्ये सर, टेक्निशियन प्रभाकरकाका, पीएच.डी. करणारी नीलिमा आणि मी. काम एकच. रेणूवर लेझर मारायचा. रेणू उत्तेजित होतो, जादा ऊर्जा त्याला सोसवत नाही आणि तो एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. त्या इलेक्ट्रॉनचा वेग मोजून रेणूच्या आत काय चाललं होतं ते ओळखायचं.

हे मी एकदा माणगावला मामांना अर्धा तास समजावलं.

"रेणू दिसतो तुम्हाला?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मग इलेक्ट्रॉन?"

"तोही नाही."

मामा मामीकडे वळले. "अगं, चहा जरा कडक कर. पोरगा फार थकलाय!"

*

सरांच्या घरी सासूबाई आल्या होत्या. सर फोनवर मला ओरडून सांगत होते, "रेणूला एकटं सोडू नका, मी लगेच निघतो!"

सासूबाईंनी दारच अडवलं. "ही रेणू कोण?"

तेव्हापासून सर घरी फक्त 'मॉलिक्यूल' म्हणतात.

*

आमच्या मशीनच्या आत हवा चालत नाही. बोटाचा तेलकट डाग राहिला तरी त्याची वाफ होऊन व्हॅक्यूम बिघडतो. एकदा तीन दिवस व्हॅक्यूम जमेचना. आत कुठला वायू आहे ते तपासलं, तर सुक्या मासळीच्या वासाचा!

सगळे काकांकडे बघायला लागले. त्यांच्या डब्यात रोज सुकट.

"काका, ग्लोव्हज घातले नव्हते?"

"घातलेले की! जेवताना. हात खराब नको व्हायला!"

आणि त्याच ग्लोव्हजनी काकांनी मशीनचं झाकण लावलं होतं.

*

नीलिमा रेवदंड्याची. तिच्या प्रयोगात काही इलेक्ट्रॉन उशिरा निघायचे. सर म्हणाले, "नॉईज आहे, मशीनची खरखर. काढून टाक." ती ऐकेना. दोन वर्षं तेच मोजमाप पुन्हा पुन्हा करून तिने अख्खा थीसिस त्या उशिरावर उभा केला.

व्हायव्हाला तिची आई आली होती. बाजारात मासळी विकणारी बाई, नवं लुगडं नेसून मागच्या रांगेत बसलेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मराठीतच विचारलं, "ऊर्जा पुरेशी आहे, तर रेणू इलेक्ट्रॉन लगेच का सोडत नाही? उशीर कशाला?"

नीलिमाला उत्तर पाठ होतं. पण इंग्रजीत! मराठी शब्द शोधत ती स्लाइड्स मागे-पुढे करत राहिली. सरांनी मान खाली घातली.

मागून आई उठली. "सायब, राग आला म्हून बाई लगेच घर सोडते व्हय? आदी भांडी आपटते, दारं आपटते. मंग निंगते!"

परीक्षकांनी चष्मा काढला. "नीलिमा, तुमचं काय म्हणणं?"

"सर... हेच. ऊर्जा आधी रेणूच्या कंपनांत जाते, मग इलेक्ट्रॉनला मिळते."

परीक्षकांनी सही केली, पेनला टोपण लावलं आणि आईला विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"हिच्या बापसानं!"