झोंबी आले तर आजीचं काय?

मंडळी, आज दुपारी आमच्या कंपू मोहल्ल्यातल्या घरात युद्धाची तयारी झाली. नात सईनं माझी सगळी अवजारं अंगणात मांडली. "आबा, झोंबी आले तर कशानं मारायचं?" झोंबी म्हणजे चालतीफिरती मढी, हे तिनंच मला समजावलं.

मी हातोडी पुढे केली. "छोटी है! तो जवळ येऊन चावेल ना." पाना नापास. करवत बघून तर म्हणाली, "ते हसतील आपल्याला." शेवटी लांब पहार पसंत पडली. लढत लढत गच्चीवर जायचं आणि शिडी वर ओढून घ्यायची, असं ठरलं.

"आणि आजी?" सईनंच विचारलं.

लकवा झाल्यापासून आमची ही पलंगावरच असते. आतून म्हणाली, "मला राहू द्या खाली. मी त्यांना बोलण्यात गुंतवते."

सई हसली नाही. "आबा, तुम्ही तिला उचलाल ना?"

माझ्याच्यानं हो म्हणवेना. तिची कूस बदलायलासुद्धा मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. पहार उचलवते अजून, ही उचलवत नाही.

"मी तिच्यापाशी थांबेन," एवढंच म्हणालो. तेव्हापासून पोर माझ्याशी बोललेली नाही.

तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत?