ओव्याचा शेक

तव्यावर ओवा भाजला की देवासचा तो हिवाळा आठवतो बघा. माझ्या तान्ह्या भावाला खोकला झाला, तर आत्याने त्याला ओव्याच्या पुरचुंडीने शेकून दुलईत घट्ट गुंडाळून ठेवलं. दृष्ट लागेल म्हणून कुणाला उघडून बघूही देईना. शेवटी वडिलांनी डॉक्टर आणले. “बाईसाब, कपड़ा हटाओ, छाती देखनी है.” “नको हो, गारठेल माझं सोनं!” वडिलांनीच झबलं वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. न्यूमोनिया! पेनिसिलिनची सुई दिली, पण फार उशीर झालेला. दुपारी बाळ गेलं. आत्या भिंतीवर डोकं आपटू लागली, तर आईनेच तिला कुशीत घेतलं. आता पतवंडं नुसती खोकली तरी मी आधी त्यांच्या बरगड्या बघते. सुना हसतात, हसोत बापड्या.