समजूतदार पोरांची मावशी

‘समजूतदार’ हा शब्द लंकामावशीपुढे कुणी काढला की तिचा पारा चढायचा. आमच्या चाळीत कुणी बाई कौतुकानं म्हणाली, “किती गं समजूतदार पोर, बापाला कसं सांभाळून घेते,” तर हातातली पळी तशीच उगारून मावशी तिला सुनवायची, “एवढ्याशा लेकराला कशापायी पायजे समज? तुमी घ्या की जरा!” बोलणाऱ्या बाईचं तोंड एवढंसं व्हायचं. मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. लोकांना काय वाटेल याचा विचार करणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. मूळची कर्जतकडची. नवरा गेल्यावर मुलाला, बाळूला, घेऊन नगरजवळ नागापूरला आली आणि एमआयडीसीतल्या कामगारांसाठी खाणावळ चालवायला लागली. अंगानं ठेंगणी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की खाणावळीत बोललेलं आमच्या घरी ऐकू यायचं. तिची कर्जतकडची जाळ शिपी आमटी खाऊन नवीन कामगार पहिल्या दिवशी नाक पुसत उठायचे. “रडला का? मंग झनका बरोबर हाय,” असं म्हणून ती दुसऱ्या ताटाकडे वळायची.

मी तिला पहिल्यांदा भेटले ती देशी दारूच्या दुकानासमोर. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. माझे वडील, अण्णा, एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर त्यांचा हात धरणारं कुणी नाही असं सगळेच म्हणत. पण कामावरून सुटले की पाय घराकडे वळायचे नाहीत. आमच्या चाळीत अशा वेळची एक रीत ठरून गेली होती. नवऱ्याला आणायला बायकोनं दुकानावर जायचं नाही. ती गेली तर चारचौघांत त्याचा अपमान होतो आणि घरी आल्यावर तो राग तिच्या पाठीवर निघतो. म्हणून पोराला पाठवायचं. पोर समोर येऊन उभं राहिलं की बाप मुकाट्यानं उठतो. आमच्या घरी ते काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा चांगलाच अभिमान होता. आईला न जुमानणारे अण्णा माझं ऐकत होते, ही काय साधी गोष्ट होती?

त्या दिवशी मी दारात उभी होते आणि भाजीची पिशवी घेतलेली मावशी माझ्याजवळ थांबली.

“कोनाची गं तू? हितं काय करतीस?”

“अण्णांना न्यायला आले.”

“कोनी धाडलं?”

“आईनं.”

तिनं पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ आत गेली. आतली गिऱ्हाईकं हसली, एकानं काहीतरी टोमणाही मारला. थोड्या वेळानं ती अण्णांच्या दंडाला धरून बाहेर आली. “पोरी, तू फुडं पळ. मागं बघायचं न्हाई,” एवढंच मला म्हणाली. घरी आल्यावर आईला मात्र तिनं चांगलंच फैलावर घेतलं.

“उद्यापसून हिला धाडायचं न्हाई. मला सांगावा दे, मी जाते.”

“मावशी, ते दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. हिचंच ऐकतात.”

“म्हनूनच न्हाई धाडायचं,” मावशी म्हणाली.

आईला ते कळलं नाही. मला तर मावशीचा रागच आला. माझं काम तिनं काढून घेतलं होतं.

तेव्हापासून चाळीतल्या बायका खाणावळीत निरोप ठेवायला लागल्या. “मावशी, आमचे आले नाहीत अजून.” मावशी आमटीवर झाकण टाकायची, पदर खोचायची आणि निघायची. दुकानदारानं तिला धमक्या देऊन पाहिल्या, गोड बोलून पाहिलं. शेवटी तो तिला दुरून बघून आतल्या माणसांना नावानिशी हाक मारायला लागला. एकदा मात्र तिची फजिती झाली. दुकानात एक नवा माणूस स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होता. चष्मा घरी विसरलेल्या मावशीनं त्यालाच पायाला धरून खाली ओढलं, “बायको वाट बघून मरती आन् हितं वर चढून बसलाय मेला!” म्हणत रस्त्यापर्यंत आणलं. बिचारा दारूच्या थेंबाला न शिवणारा इलेक्ट्रिशियन होता आणि त्याचं लग्नही व्हायचं होतं. मावशीनं त्याला खाणावळीत नेऊन जेवायला बसवलं. पुढे तो खाणावळीचं कायमचं गिऱ्हाईक झाला, आणि “मावशीनं मला शुद्धीत असताना उचललं” हे सांगून सगळ्यांना हसवत राहिला.

संध्याकाळी आम्ही तीन-चार पोरं तिच्याकडे जाऊन बसायचो. सगळी एकाच प्रकारच्या घरांतली, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. आमच्यासारख्या पोरांना एक खोड असते. कुठेही गेलं की आपण काहीतरी कामाला यावं असं वाटतं. मी गेल्या गेल्या ताटं पुसायला घ्यायची. मावशी फडकं ओढून घ्यायची.

“ठिव ते. काय खानार बोल.”

“काही नको.”

“काय नगं म्हननारं पोर मला आवडत न्हाई. माग कायतरी.”

आम्हाला मागताच येत नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी धीर करून “जिलेबी” म्हणाले. तिनं लगेच आणवली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागितली, तर म्हणाली, “आज न्हाई.” मी गप्प बसले. “बसलीस का गप? अगं, रूस की जरा! पाय आपट!” मी कसनुसा एक पाय आपटला. बाकीची पोरं हसली, मग तीही आपटायला लागली, आणि जेवायला आलेले कामगार घास हातात धरून आमच्याकडे बघत राहिले. हट्ट करायला मला एका परक्या बाईनं शिकवलं, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

तिचं एक बोलणं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. कुणाच्या घरी रात्री तमाशा झालेला असला की दुसऱ्या दिवशी त्या पोराला जवळ बसवून ती म्हणायची, “तुझा बाप तुझ्यामुळं पीत न्हाई. आन् तुझ्यामुळं सोडनार बी न्हाई. तू आभ्यास कर, खेळ, भांडन कर. त्ये त्याचं त्यो बघंल.” सांत्वन म्हणून हे फार गोड नव्हतं. पण गोड बोलणारी माणसं आम्हाला पुष्कळ भेटली होती. त्यातलं प्रत्येक जण शेवटी ‘बापाला जरा समजावून सांग’ असंच म्हणायचं. शहरातून एक समुपदेशक ताई दर आठवड्याला शाळेच्या खोलीत पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांची बैठक घ्यायच्या. मावशी चाळीतल्या बायकांना हाताला धरून तिथे नेऊन बसवायची. स्वतः मात्र तिथे तोंड उघडत नसे. बोलायचा आग्रह झाला की पदरानं घाम पुसत म्हणायची, “ताई, तुमीच सांगा. मला शिव्या येत्यात, भाषान येत न्हाई.”

मी कॉलेजात गेले आणि तोवर अण्णांच्या दांड्या वाढल्या होत्या. सकाळी त्यांना उठवणं अशक्य झालं की मी त्यांच्या सुपरवायझरना फोन करायची. “सर, अण्णांना ताप आहे.” कधी जुलाब, कधी गावाकडे कुणी आजारी. मला ते छान जमायचं. पण ते सुपरवायझर मावशीकडेच जेवायचे. एक दिवस ताटावर बसून ते म्हणाले, “माणूस वाया गेलाय, पण पोरगी फार समजूतदार. किती गोड बोलते फोनवर.”

झालं. संध्याकाळी मावशी आमच्या घरात उभी.

“फोन तुझ्या बापाच्या हातात दे. खोटं बोलायचं आसंल तर त्यो बोलंल.”

“नोकरी जाईल त्यांची,” मी म्हणाले.

“जाऊ दे.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला!”

पण पुढच्या वेळी मी फोन केला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. थकले होते हेच खरं. अण्णांनीही केला नाही. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. घर आईच्या पॅकिंगच्या कामावर आलं, आणि मी मावशीशी बोलणं टाकलं. खाणावळीवरून जायचं टाळायला लांबच्या रस्त्यानं कॉलेजला जायची. तिनं मला बोलवायचा प्रयत्न केला नाही.

बारावीनंतर मला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहावं लागणार होतं. मी जायचं नाही असं ठरवलं. अण्णा आता घरातच प्यायचे, कधी जेवायचे, कधी नाही. मी होते म्हणून निदान दोन घास पोटात जात होते. आईनं “जा” म्हटलं नाही आणि “राहा”ही म्हटलं नाही. कुणीतरी ते मावशीच्या कानावर घातलं. इतक्या महिन्यांनी ती आली, आणि पहिल्यांदाच आवाज खाली घेऊन बोलली.

“माझा बाळू ठाव हाय ना तुला?”

बाळूदादा तेव्हा चाकणला चांगल्या कंपनीत होता. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. चाळीत सगळे त्याचं उदाहरण द्यायचे.

“बाळूचा बाप लई प्यायचा. मी रोज त्यालाच धाडायची आनायला. येक दिवस त्यो खेळत बसला, उशीर झाला. बाप येकलाच निघाला आन् वाटंत पडून गेला. डाक्टर म्हनला, लिवर संपलं हुतं, आज ना उद्या जानारच हुता. पर बाळूला वाटतं, त्यो खेळत बसला म्हनून बाप मेला. आजून मला रोज फोन करतो. दोनदा, तीनदा. आई, बरी हाय ना? लगीन करत न्हाई. लोक म्हनत्यात, लंकाबाईचा लेक किती समजूतदार. पूजे, त्यो आजून त्या दुकानाच्या दारात हुबा हाय. मी हुबा केलाय त्याला.”

त्या दिवशी मी बॅग भरायला घेतली.

निघायच्या दिवशी आई आणि मावशी मला पोहोचवायला नगरच्या स्टँडवर आल्या होत्या. गाडी लागली आणि गर्दीतून अण्णा येताना दिसले. आंघोळ केलेली, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. तोंडाला वास नव्हता. हात मात्र थरथरत होते.

“पूजे, नको जाऊ,” ते म्हणाले. “तू र्‍हा. मी सोडतो. तुझी शपथ सोडतो.”

लहानपणापासून मला हवं होतं ते हेच. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे इतक्या आशेनं बघत होती की मी बॅग खाली ठेवली. गाडीतून कंडक्टर ओरडत होता. आता मावशी अण्णांना फाडून खाणार असं मला वाटलं. पण तिनं त्यांचा तो थरथरणारा हात दोन्ही हातांत धरला.

“सोड बाबा. लई चांगलं हुईल,” ती म्हणाली. “पर ती गेल्यावर सोड.”

“ती न्हाई तर कुनासाठी सोडू?”

“त्ये तू ठरव. तिच्या गळ्यात नगं बांधू.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पूजे, चढ.”

मी चढले. आयुष्यात एवढं जड काही मी उचललेलं नाही. खिडकीतून पाहिलं तर आई तोंडाला पदर लावून उभी होती आणि मावशी अण्णांचा हात धरून त्यांना काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते मला कधीच कळलं नाही.

अण्णा त्या दिवशी संध्याकाळीच प्यायले. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन पोटभर रडले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गेले.

मावशी गेली ती शुगरनं. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागले होते. अंत्यविधीला चाळीतला प्रत्येक पुरुष होता. त्यातल्या कितीतरी जणांना तिनं कधी ना कधी दंडाला धरून घरी आणलं होतं. अण्णा खांदा द्यायला पुढे झाले. ते प्यायलेले होते. लोकांनी त्यांना बाजूला केलं. ते स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागून एकटे चालत आले. बाळूदादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मी सकाळी लवकर निघालो असतो तर भेट झाली असती गं.” मी नर्स आहे. तिच्या शेवटच्या तासांत काय झालं असेल, कुणाच्या येण्यानं त्यात काही फरक पडला नसता, हे मी त्याला सगळं नीट सांगितलं. तो ऐकून घेत होता. पटलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी अण्णा स्वतः उठून व्यसनमुक्ती केंद्रात गेले. एकदा परत प्यायले, पुन्हा गेले. सध्या पीत नाहीत. का सोडली ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. उद्याचं मला माहीत नाही. पण मी सुट्टीला घरी गेले की चाळीतल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवतात, “पोरीनं बापाला सुधारलं हो,” म्हणतात. मी दर वेळी त्यांना तेच सांगते. अण्णा प्यायला लागले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आणि त्यांनी सोडली तेव्हा मी इथे नव्हते.