मावशीची घरघंटी आणि बाह्य पदार्थ

माणसाच्या हातून काय हरवावं याला काही मर्यादा असते. छत्री हरवते, चष्मा हरवतो, किल्ली तर रोजच हरवते. पण चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाची, माझ्या कमरेइतकी उंच, पीठ दळायची घरघंटी हरवायची म्हणजे अंगात कर्तृत्व लागतं. ते एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने करून दाखवलं, आणि मी त्याला हातभार लावला. मी म्हणजे तोच, ज्याने लोणावळ्याच्या शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि दर ग्राहक दिनाला पोरांकडून घसा बसेपर्यंत म्हणवून घेतलं की बिल घेणे हा माझा हक्क आहे.

घरघंटी माझ्या मावशीची. ती भाजे गावात एकटी राहते. लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तिचं घर आहे, आणि शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्या शहरी मंडळींना ती तांदळाची भाकरी आणि पिठलं करून वाढते. मंडळी आधी भाकरीचे फोटो काढतात, मग ‘ऑथेंटिक’ म्हणतात आणि मग ती गार झाली म्हणून दुसरी मागतात. या भाकऱ्यांच्या पिठासाठी मावशी डोक्यावर डबा घेऊन गिरणीपर्यंत पायपीट करायची. गिरणीवाला कधी वीज गेली म्हणायचा, कधी आत्ता गहू लावलाय, तांदूळ उद्या. शेवटी वैतागून तिने घरघंटी घ्यायचं ठरवलं. ती यायच्या आधीच आळीतल्या बायकांना सांगूनही टाकलं, ‘यंदा दिवाळीची भाजनी माज्याकडं दळायची, डबं घिऊन या.’ मावशीने शब्द दिला म्हणजे दिला. गावात तिचं वजन आहे ते तेवढ्यावरच, आणि ती ते जपते.

खरेदीला अर्थातच मी सोबत. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी बिलाचं नाव काढताच म्हणाला, ‘सर, बिलाचं काय घेऊन बसलात? मी आहे ना!’ निवृत्त शिक्षकाला कुणी चार लोकांत ‘सर’ म्हटलं की तो विरघळतो. मीही विरघळलो. त्याने वॉरंटी कार्डावर शिक्का मारला आणि तारखेची जागा मोकळी ठेवली. ‘तुमच्याच फायद्याचं आहे, सर.’ तो फायदा मला पुढे कित्येक महिने पुरला.

दसऱ्याला घरघंटीची पूजा झाली. मावशीने तिच्या पांढऱ्याशुभ्र दारावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, शेजारी हळदीत बुडवून उजव्या हाताचा पंजा उठवला आणि दाराच्या मुठीला झेंडूची माळ बांधली. तिची करंगळी तरुणपणी भातकापणीत विळ्याने अर्धी गेलेली आहे, त्यामुळे पंजाही साडेचार बोटांचा उठला. फोटो काढायची कामगिरी माझ्यावर होती. मी सात-आठ काढले. सगळ्यांत माझा अंगठा आला.

चार दिवस घरघंटी गुणी सुनेसारखी वागली. पाचव्या दिवशी शेरभर तांदूळ दळून होतोय तोच ती थांबली आणि नुसती गुंगुं करायला लागली. घरभर जळका वास. मी दुकानदाराला फोन केला. ‘सर, ते आता कंपनीकडे असतं.’ मी आहे ना म्हणणारा माणूस आता नव्हता. मग कंपनीच्या नंबरवर फोन लावला, तिथलं संगीत पाठ होईपर्यंत ऐकलं, आणि दोन दिवसांनी घरघंटी न्यायला टेम्पो आला.

खरी चूक इथे झाली, आणि ती आमच्या मावळातच होऊ शकते. टेम्पोवाला उंबऱ्यात उभा राहिला, तशी मावशी म्हणाली, ‘कुटलं रं बाबा तू?’

‘आमी कामशेतच्या अंगाचं, मावशी.’

‘आन् सोयरीक कुटं?’

‘बहीन कुरवंड्याला दिलीया.’

कुरवंडे ऐकताच मावशी सावरून बसली. तिची नणंदही कुरवंड्यालाच दिलेली. मग कुणाच्यात दिली, घर टेकडीच्या वर की खाली, सासू म्हणजे ती गोरीपान का, अशी चौकशी पुढे गेली आणि त्या बहिणीची सासू मावशीच्या नणंदेची चुलत जाऊ निघाली. ‘मंग तू तर पाव्हनाच की!’ चहा झाला, गूळ-शेंगदाणे झाले. एवढं झाल्यावर तो बिचारा स्वतःहून म्हणाला, ‘मावशी, पावतीबुक गाडीत हाय. आनू का?’

मी तोंड उघडलं होतं. नागरिकशास्त्राची शपथ, उघडलं होतं. पण मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. ‘पाव्हन्याकडनं पावती घ्यायची? लोकं शेन घालतील तोंडात,’ ती म्हणाली. आमच्याकडे एकदा नातं जुळलं की कागद मागणं म्हणजे जावयाला आधार कार्ड मागण्यासारखं. पाहुण्याने घरघंटी टेम्पोत चढवली, मावशीच्या पाया पडला आणि गेला.

आठवड्याने माझ्या फोनवर सर्व्हिस सेंटरचा इंग्रजी मेसेज आला, सोबत फोटो. मजकुराचा मथितार्थ असा की, मशीनवर बाह्य पदार्थ आढळल्याने वॉरंटी लागू होत नाही. फोटोत घरघंटी त्यांच्या टेबलावर, झगमगीत उजेडात, आणि हळदीच्या पंजाभोवती लाल रंगाचा गोल. म्हणजे मावशीच्या परसात पिकलेली, तिने स्वतः उखळात कुटलेली हळद हा बाह्य पदार्थ, आणि दारावर बाहेरून लावलेल्या हळदीने आतली मोटर जळाली! ही विद्वत्ता वाचून माझं डोकं फिरलं. मी त्यांना शस्त्रपूजेच्या परंपरेवर दोन पानी पत्र लिहिलं, त्यात त्यांची अक्कल काढली. काढायला तिथे फारशी नव्हती, म्हणून पत्र दोनच पानांत आटोपलं.

मावशीला मात्र राग नाही, लोभ नाही. ‘फोटू झ्याक आलाय की,’ ती म्हणाली. ‘तुज्या फोटूत नुसता आंगठा हाय.’ तिने मळवलीच्या झेरॉक्सवाल्याकडून तो फोटो मोठा छापून घेतला आणि घरघंटीची जागा होती तिथे भिंतीवर चिकटवला.

दिवाळी आली. बायका डबे घेऊन आल्या आणि डबे घेऊन गेल्या. मावशी प्रत्येकीला सांगत होती, ‘दुरुस्तीला गेलीया, यील.’ दिवाळी उलटून गेली तरी घरघंटी आली नाही, तेव्हा मी कंपनीला कळवलं की तुमची दुरुस्ती नको, आमची वस्तू परत करा. उत्तर आलं, कुठली वस्तू?

मी चिंचवडला सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन थडकलो. काउंटरवरच्या मुलीने कीबोर्ड बडवला. ‘सर, सिस्टिममध्ये नाहीये.’

‘सिस्टिममध्ये नसेल. गोदामात बघा. फ्रीजच्या निम्मी आहे, खिशात मावत नाही.’

‘सर, पावती?’

पावती नव्हती.

‘बिल?’

बिल नव्हतं. मी वॉरंटी कार्ड पुढे केलं. तिने तारखेची मोकळी जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. नापास होणाऱ्या पोराकडे मी वर्षानुवर्षं जसं पाहत आलो, अगदी तसं. मी मेसेज दाखवायला फोन काढला, तर मेसेज नाही. मध्यंतरी फोनची जागा भरली होती आणि मी सुप्रभातची फुलं पुसता पुसता फोटोवाले सगळेच मेसेज पुसले होते. ज्या नंबरवरून मेसेज आला तो बंद. टेम्पोवाला पाहुणा कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस होता, आणि ठेका बदलला होता. मावशीने कुरवंड्यामार्फत त्याला गाठलं. ‘मी सेंटरला उतरीवली मावशी, आईची आन!’ तो खरं बोलत होता, पण आईच्या आणेवर शिक्का नसतो.

इकडे गावाने आपला निकाल लावून टाकला. ‘येवडं मोटं मशीन हरवतंय व्हय? इकलं आसंल म्हातारीनं, आन् आता नाटकं करतीया.’ नळावर मावशी आली की बोलणं थांबायचं. ती घागर भरायची आणि मान वर न करता निघायची. ज्या बाईचा शब्द गावात चालायचा, ती खोटारडी ठरली होती. शनिवार-रविवारी पुन्हा गिरणीतून पीठ येऊ लागलं, आणि गिरणीवाला तिला मुद्दाम ‘घरघंटी काय म्हनतीया?’ असं विचारू लागला.

आणि आता माझा पराक्रम. एका दुपारी मीही तिला म्हणालो, ‘मावशी, खरं सांग, कुणाला दिली-बिली तर नाहीस ना?’

तव्यावर भाकरी होती. तिने ती उलटली. ‘तू बी?’ एवढंच म्हणाली आणि मला वाढलं. मी जेवलो. अशा वेळी माणसाने उठून जायला हवं होतं, मी भाकरी दुसऱ्यांदा घेतली. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

मार्चमध्ये एका रविवारी मी तिच्याकडे नेहमीच्या जागी जेवायला बसलो होतो. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एका बाईने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, ‘हे काय, मशीनचा फोटो?’ मी मान वळवली. चार महिने मी त्या फोटोखाली बसून भाकऱ्या चापल्या होत्या. फोटोत घरघंटी. घरघंटीमागे सर्व्हिस सेंटरच्या नावाची ठळक पाटी. टेबलावर त्यांचंच डेस्क कॅलेंडर. कंपनीच्या सिस्टिममध्ये नसलेली घरघंटी कंपनीच्याच टेबलावर उभी होती, आणि पुरावा शोधायला हा निवृत्त विद्वान चिंचवडपर्यंत जाऊन आला होता.

मी मावशीच्या नावाने ग्राहक आयोगात तक्रार केली. त्याला वकील लागत नाही, हे मी पोरांना शिकवत आलो होतो. ते खरं असतं, हे मलाही तेव्हा कळलं. दुरुस्तीला घेतलेली वस्तू हरवणं ही सेवेतली त्रुटी आहे, असं वाक्य लिहिताना माझं अक्षर बऱ्याच वर्षांनी सुंदर आलं. सोबत पैसे भरल्याचा बँकेचा मेसेज जोडला, तो नशिबाने मी पुसला नव्हता, आणि भिंतीवरून सोडवलेला फोटो.

सुनावणीला कंपनीचा वकील आला. कोट कडक, आवाज मऊ. म्हणाला, फोटो आमच्या सेंटरचा आहे, मान्य. पण या मॉडेलची सगळी मशीन दिसायला सारखीच. आमच्याकडे दसऱ्यानंतर हळदीकुंकू लावलेली मशीन ढिगाने येतात. यातलं हे या बाईंचंच, याला पुरावा काय?

मी कायद्याची कलमं आठवत उठू लागलो. मावशीने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. ‘बाई,’ ती समोर बसलेल्या अध्यक्षबाईंना म्हणाली, ‘मशीन सारकी आसतील. हात सारका न्हाई.’ आणि तिने उजवा पंजा वर धरला. साडेचार बोटांचा.

अध्यक्षबाईंनी फोटो जवळ घेतला. पंजाभोवती कंपनीने स्वतः लाल गोल काढून ठेवला होता, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. त्यांनी फोटो वकिलाकडे दिला. वकिलाने तो पाहिला आणि पुढची तारीख मागितली. पुढच्या तारखेला कंपनी नवी घरघंटी द्यायला तयार होती. जुनी कुठे गेली ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. कुणाच्या तरी घरात साडेचार बोटांखाली पीठ पडत असणार.

नवी घेऊन टेम्पो आला. दुसराच माणूस, तोंडाने गोड. उंबऱ्यातच म्हणाला, ‘मावशी, तुमचं माहेर कुटलं?’

‘आदी पावती. मंग माहेर,’ मावशी म्हणाली. पावतीवर तारीख, शिक्का आणि सही बघितली आणि मगच चुलीवर चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात आळीतल्या बायका डबे घेऊन आल्या, नळावर गप्प होणाऱ्याही आल्या. मावशी कुणाला टाकून बोलली नाही. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या फाडून ठेवल्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात ती प्रत्येकीचं नाव, धान्य आणि वार लिहायची आणि चिठ्ठी हातात द्यायची. बायका हसत होत्या, पण चिठ्ठी कनवटीला लावत होत्या.

मीही तुंगार्लीच्या माझ्या घरून ज्वारीचा डबा घेऊन गेलो. तिने माझ्याही नावाची चिठ्ठी लिहायला घेतली. मी म्हटलं, ‘मला कशाला? मी तर घरचाच.’

ती लिहीत राहिली. ‘कुनाला दिली-बिली का म्हनून घरच्यानंच इचारलं व्हतं,’ ती म्हणाली आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली, नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.