काकू, तुम्ही बसा

घाटंजीपासून अर्ध्या तासावरच्या त्या गावात सत्यशीलेइतका झपाट्यानं कापूस वेचणारी दुसरी बाई नव्हती. हात चालायचे तसं तोंडही चालायचं, आणि तोंडी एकच विषय, लेक दीपा. दीपा यवतमाळच्या वसतिगृहात राहून कशी शिकली, पुण्याच्या कंपनीत कशी लागली, तिथं खुर्चीत बसून लोकांच्या भल्याची कामं कशी करते, हे कपाशीच्या ओळीत, तासावर, सोबत वेचणाऱ्या बायांना पाठ झालं होतं. चंदाबाई तर म्हणायची, "सत्यशीले, आता दीपाचा पुढचा वर्ग लाव वं, हे समदे पास झाले."

दोन हजार सतराच्या त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही केल्या आटोक्यात येत नव्हती. सत्यशीलेचा नवरा उकंडा बबनरावांच्या वावरात मजुरीनं फवारणी करायचा. झाडं उंच, म्हणून नळी वर धरावी लागे आणि औषधाचे तुषार परत तोंडावर येत. चौथ्या दिवशी तो वावराच्या कडेला धुऱ्यावरच कोसळला. बारा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात काढले. जीव वाचला, पण डोळ्यांपुढं धुकं बसलं ते बसलंच. भाकर कुठं आणि ताटाची कड कुठं, हे तो बोटांनी चाचपायला लागला.

हिवाळ्यात दीपाचा फोन आला. "माय, आमच्या कंपनीची योजना हाय. फवारणीनं डोळे गेलेल्याचं ऑपरेशन करून देतात. बाबाचं नाव बसवलं म्या. पुण्याले या."

"तुह्या घरी राहू ना?" सत्यशीलेनं विचारलं. तिनं तेवढ्यात मनातल्या मनात जवसाची चटणी आणि तुरीची डाळ बांधूनही टाकली होती.

"नाही, हॉटेलात. कंपनीच करते सारं. मी येत जाईन."

पुण्यात कंपनीची गाडी उतरवून घ्यायला आली, दीपा आली नाही. हॉटेल एका गल्लीत होतं. दिवसा ती गल्ली झोपलेली, सगळीकडे शटरं ओढलेली. खोली लहानशी, पण सजवलेली. भिंतीवर डोईवर घागर घेतलेल्या बाईचं चित्र, त्या बाईच्या तोंडावर हसू. कोपऱ्यात काचेच्या उंच बरणीत फुटलेल्या बोंडांच्या चार पऱ्हाट्या उभ्या केलेल्या. सत्यशीला बघतच राहिली.

"काय हाय वं?" उकंडानं विचारलं.

"पऱ्हाटी. आपून चुलीत घालतो ना, इथं पाहासाठी ठेवली."

संध्याकाळ झाली आणि गल्ली जागी झाली. समोर नाच-गाण्याचं एक ठिकाण, शेजारी दुसरं, खालच्या मजल्यावर दारूचं तिसरं. भिंत हातानं चाचपली तर धडधडत होती. पोरापोरींचे घोळके किंचाळत जात होते. डोळे गेलेल्या माणसाच्या डोक्यात सगळा आवाज घुसतो. उकंडा पलंगावर कान दाबून बसला.

"कोनाची वरात होय? सरकून काहून नाही राह्यली?"

"ही सरकनारी वरात नाही. रोजचीच दिसते."

शेवटी सत्यशीला उठली. बरणीतल्या पऱ्हाटीचं एक बोंड तोडलं, सरकी काढली, कापूस पिंजून त्याचे दोन बोळे वळले आणि नवऱ्याच्या कानात बसवले. मग स्वतःच्या. सकाळी खोली झाडायला आलेल्या बाईनं वर जाऊन सांगितलं. मॅनेजरीण आली आणि म्हणाली, "अहो, ती शोभेची आहेत, तोडायची नसतात." सत्यशीलेला हसू आलं. बोंड तोडलं म्हणून बोलणी खायची तिची जन्मातली पहिलीच वेळ.

दहा वाजता खालच्या हॉलात बोलावलं. मागं मोठा फलक लावला होता, कंपनीचे साहेब आले होते, फोटो काढणारा आला होता. आणि दीपा. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद, केस मोकळे. सात महिन्यांनी दिसलेली लेक. सत्यशीलेचे पाय आपोआप तिकडं वळले. तोंडातून नाव निघणार, तेवढ्यात दीपा पुढं झाली आणि खुर्चीकडं हात करून म्हणाली,

"काकू, तुम्ही बसा."

सत्यशीला बसली. उकंडानं आवाज ओळखला होता. त्यानं मान त्या दिशेला वळवली आणि पुढं केलेला हात परत मांडीवर घेतला.

साहेब माणूस चांगला होता. जवळ खुर्ची ओढून त्यानं फवारणीचं विचारलं, मास्क होता का विचारलं. मग म्हणाला, "मुलंबाळं किती?"

दीपानं हातातल्या कागदात डोकं घातलं. सत्यशीलेला ते दिसलं. ती काही बोलायच्या आत उकंडानंच उत्तर दिलं.

"एक पोरगी हाय साहेब. लय शिकली. नोकरीवर हाय."

"मग ती तुमच्यासाठी काही करत नाही?"

"करते ना," उकंडा म्हणाला. "तिच्या परीनं करते."

फोटो निघाले. एका फोटोत दीपा दोघांच्या मधे उभी होती, उकंडाला पिशवी देत.

संध्याकाळी दीपा एकटीच खोलीवर आली. दार लावलं आणि आईच्या गळ्यात पडायला गेली. सत्यशीला चादरीची घडी करत राहिली.

"माय, नातेवाइकाले ही योजना देता येत नाही. नियम हाय. बाबाचे डोळे जाऊन राह्यले होते. म्या काय कराव?"

"मंग पहिले सांगाव. म्या बी तुले मॅडम म्हनलं असतं."

"तू आलीच नसती."

ते खरं होतं. सत्यशीलेनं घडी उशाशी ठेवली. मग तिनं विचारलं, "बरं, नियम होता. नियम नसता, तं घरी नेलं असतं का आमाले? संगं राह्यनाऱ्या पोरींले सांगतलं असतं, हे माहे मायबाप हायेत म्हनून?"

"तिथं आडनाव ऐकल्याबरोबर लोक बदलतात, माय. तुले नाही समजत. मी तिथं आडनाव लावत नाही."

"आडनावाचं नाही विचारून राह्यली मी. नेलं असतं का?"

खाली गाणं सुरू झालं, भिंत धडधडायला लागली. दीपा खिडकीकडं बघत राहिली. ऐकू आलं नाही, असं तिनं दाखवलं. जाताना बापाच्या पायावर डोकं ठेवलं. उकंडानं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवली का बाई?"

ऑपरेशन झालं. उजवा डोळा गेलाच होता, डाव्यानं माणसं ओळखू यायला लागली. परतीच्या गाडीत उकंडा खिडकीला नाक लावून बसला होता, वाशीम आलं, दारव्हा आलं, म्हणून सांगत होता. मधेच म्हणाला, "पोरीनं डोळा देला वं मले."

"देला," सत्यशीला म्हणाली. "डोळा देला अन् बाप म्हनाचं सोडलं."

"तू लय कडू बोलतं."

"मंग गोड कोनापासी बोलू?"

गावात फोटो त्यांच्या आधी पोचला होता. चंदाबाईच्या अक्षयनं मोबाइलवर दाखवला. खाली लिहिलेलं त्यानं मोठ्यानं वाचलं: यवतमाळचे एक पीडित मजूर दांपत्य आणि आमच्या अधिकारी. चंदाबाई म्हणाली, "अवं, हे त आपली दीपाच! मंग लेक हाय म्हनून काहून नाही लिवलं?"

"जागा पुरली नसन," सत्यशीला म्हणाली आणि कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून वावरात निघून गेली. त्या दिवसापासून तासावर तिचे हात तेवढे चालत. बायांनी सुरुवातीला विचारून पाहिलं, मग विचारणं सोडलं.

चौदा एप्रिलच्या जयंतीला दीपा गावी आली. बापासाठी पांढरा शर्ट, आईसाठी निळ्या काठाची साडी. सत्यशीलेनं शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणली, पुसली आणि ओसरीत मांडली. पेला ताटलीत ठेवून पाणी दिलं.

"माय, मी खाली बसतो ना तुह्याजवळ."

"राहू द्या," सत्यशीला म्हणाली, "कपडे खराब होतीन."

दीपा खुर्चीत बसली. विहाराकडून नीळ उधळणाऱ्यांच्या घोषणांचा गलका येत होता. आत चुलीपुढं सत्यशीला भाकरी थापत होती, आणि उकंडा एका डोळ्यानं कधी इकडं, कधी तिकडं बघत मधल्या दारात उभा होता.